छान. आता पुढचं.

सकाळी सिंहाने हत्तीला लाथ मारली. मग हत्तीने माकडाला चिमटा काढला, माकड घोड्याला चावलं आणि घोड्याने, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या डुकराला टेबलावरून खाली ढकललं. डुक्कर माझ्या पायावर पडलं. मी म्हणाले, "छान. आता पुढचं."

हे माझं काम आहे. याचा मला पगार मिळतो.

मुलांना वाक्यं कशी कळायला लागतात आणि काही मुलांना का कळत नाहीत, यावर आमच्याकडे संशोधन चालतं. पद्धत सोपी आहे. टेबलावर कापडी प्राणी मांडलेले असतात. मी वाक्य म्हणते, मूल ते प्राण्यांकडून करून दाखवतं. सिंहाने हत्तीला लाथ मारली म्हटल्यावर मुलाने सिंहाचा पाय उचलला तर त्याला कळलं. हत्तीचा उचलला तर नाही कळलं.

एवढी हाणामारी कशाला, असं लोक विचारतात. आमच्या प्रमुख मॅडमनी शांततेचा मार्ग आधी करून पाहिला होता. सिंहाने हत्तीला मिठी मारली, तर कोणी कोणाला मारली ते दिसतच नाही, दोघंही सारखेच अडकलेले. सिंहाने उंदराला भरवलं, तर मुलं वाक्य न ऐकताच मोठ्याकडून लहानाला भरवतात, कारण घरी तसंच चालतं. आम्हाला अशी कृती हवी होती जी कोणीही कोणालाही करू शकतो आणि लांबूनही स्पष्ट दिसते. शोधून शोधून लाथ, बुक्की, चिमटा, चावा आणि धक्का एवढंच हाताला लागलं. माणसाबद्दल हे काय सांगतं ते मला विचारू नका, माझ्याकडे फक्त प्राण्यांना टाके घालायचं काम आहे. हत्तीची सोंड मी तिसऱ्यांदा शिवली आहे.

दुसरा नियम चेहऱ्याचा. मुलाने बरोबर केलं काय आणि चूक केलं काय, तपासणाऱ्याने एकाच सुरात 'छान' म्हणायचं, मुलाच्या हातावर एक चमकती चांदणी चिकटवायची आणि पुढच्या वाक्याकडे वळायचं. नाहीतर मूल वाक्य सोडून आपला चेहरा वाचायला लागतं. मॅडमनी मला आरशासमोर बसवून हे शिकवलं. "अजून भुवई हलतेय," त्या म्हणायच्या. "तू भिंत आहेस. भिंतीला भुवई असते का?"

आठवड्याभरात माझी भिंत झाली. घरी आईने विचारलं, भाजी कशी झालीय, मी म्हटलं छान. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

रणगाडा आमच्याकडे आला तेव्हा सात वर्षांचा होता. हे नाव त्याला शाळेने ठेवलं होतं आणि वडिलांना ते फार आवडलं होतं. वडील जुन्या इमारती पाडायच्या यंत्रावर होते. हात एवढे मोठे की आमचा चहाचा कप त्यांनी चिमटीत धरला होता.

"ऐकत नाही हो हा," ते मॅडमना म्हणाले.

"ऐकतो. त्याला कळत नाही."

"तेच ते."

"तेच नाही. त्याचे कान चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे. भाषा तेवढी नीट घडत नाहीये. असा विकार असतो मुलांमध्ये, वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मुलांमध्ये असतो."

"मग बाकीच्यांची कशी घडते आपोआप? हा सोयीचं तेवढं ऐकतो. थांबा, दाखवतो." ते मुलाकडे वळले. "ए, बूट काढ, आणि ताईंना त्रास दिलास तर घरी गेल्यावर तुझं काय करतो ते बघ, आणि आधी ते नाक पूस."

रणगाड्याने नाक पुसलं. बूट तसेच.

"बघितलंत?"

"शेवटचं तेवढं त्याच्यापाशी उरतं," मॅडम म्हणाल्या. "आधीचं वाहून जातं. छोटं बोला. एकावेळी एक."

वडिलांनी मान हलवली. यंत्र वापरायचं पुस्तक नाकारणारे लोक अशीच मान हलवतात.

मुलगा दिसायला गोड होता आणि लागायला लोखंड. स्वतःहून बोलायचा ते 'दे', 'नको', 'माझं' असं सुटं सुटं. पण करून दाखवायचं म्हटलं की त्याच्यात वीज भरायची. सिंहाने हत्तीला बुक्की मारली म्हटल्यावर कोणी कोणाला ते तो बघायचाच नाही. बुक्की एवढं उरायचं, आणि बुक्की तो मनापासून द्यायचा. एका दुपारी त्याने माझ्यादेखत घोड्याचा कान उपटला. छान. आता पुढचं. मग तो डाव्या हाताची मूठ वळून तिची पाठ माझ्यापुढे धरायचा, कारण मी चांदणी तिथे चिकटवायचे. अंगठ्याने दाबून, निघू नये म्हणून.

एकदा वाक्य होतं, माकड घोड्याला चावलं. त्याने माकड बाजूला ठेवलं. घोडा बाजूला ठेवला. माझं मनगट घेतलं आणि दात रोवले.

चावताना तो माझ्या डोळ्यांत बघत होता. रागाने नाही. मुलं गृहपाठ दाखवताना बघतात ना, तसा. कातडी फाटल्याचं मला ऐकू आलं. कॅमेरा चालू होता. रक्त प्राण्यांवर सांडू नये म्हणून मी हात जरा वर धरला आणि म्हणाले, "छान. आता पुढचं."

त्याने मूठ पुढे केली. मी चांदणी लावली. तिला थोडं रक्त लागलं होतं, त्याची त्याला हरकत नव्हती.

संध्याकाळी मॅडमनी चित्रीकरण पाहिलं. "सुरेख," त्या म्हणाल्या. "आवाज कणभर हलला नाही तुझा. नवीन मुलींना दाखवायला ठेवू या." मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या आवाजाचं कौतुक केलं होतं, म्हणून मला तसं बरंही वाटत होतं.

त्याची आई केस कापायच्या दुकानात काम करायची. त्याला न्यायला यायची तेव्हा तिच्या बाहीवर कोणाचे ना कोणाचे केस असायचे. एकदा बाही वर सरकली तर खाली निळं-जांभळं दिसलं. मी बघितलं. मी बघितलं हे तिने बघितलं.

"दार लागलं," ती म्हणाली.

"दाराला बोटं होती?"

"ताई, तुम्ही मुलाचं बघा." मग तिने मुलाचा स्वेटर उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला चांदण्याच चांदण्या. "हातावरच्या काढून इथे लावतो. धुवू देत नाही. आभाळ घालून हिंडतो नुसता. शाळेत मात्र रोज कोणाला तरी बडवतो. आणि बडवून झाल्यावर त्याच्यापुढे मूठ धरून उभा राहतो. मोठ्या बाई म्हणतात, धमकी देतो, आता पुढची तुला. काल एकाला घसरगुंडीवरून ढकललं. ते पोर खाली रडतंय आणि हा बाईंच्या पुढ्यात मूठ धरून उभा. बाईंनी छडीच उचलली."

"कोणता हात?"

"अं?"

"मूठ कोणत्या हाताची धरतो?"

"डाव्या. का हो?"

"असंच," मी म्हणाले. भिंत होते ना मी. पण ती फाटकाबाहेर पडल्याबरोबर मी धावत सुटले.

मॅडमच्या खोलीत जाऊन मी सांगितलं की रणगाडा धमकी देत नाही, तो चांदणी मागतोय. आपण त्याला महिनोन्महिने शिकवलंय की हाण, मग छान, मग चांदणी.

मॅडमनी चष्मा काढला. "बाकीच्या मुलांनीही हेच ऐकलंय. ती नाही कोणाला ढकलत."

"बाकीच्यांना दिवसभर लोक हजार गोष्टी बोलतात आणि त्या त्यांना कळतात. त्यात आपलं छान कुठल्या कुठे बुडून जातं. याला पुरतं कळणारं असं एकच वाक्य आहे जगात, आणि ते आपलं आहे."

त्या चष्मा पुसत राहिल्या. ही बाई वाईट नाही. वीस वर्षं ती या मुलांसाठी लोकांशी भांडतेय. "शाळा त्याला काढणार म्हणतेय का?" त्यांनी विचारलं.

"आणखी एकदा झालं तर. आणि वडील त्याला कुठल्याशा निवासी संस्थेत टाकणार आहेत. तिथे पोरं सरळ करून देतात म्हणे. आईला नकोय. तिला शाळेसाठी आपला अहवाल हवाय, की मुलगा मस्तवाल नाही, त्याला विकार आहे."

"अभ्यास संपेपर्यंत अहवाल कोणालाच देता येत नाही. तुला माहीत आहे. अहवाल गेला की शाळा मुलाशी वेगळं वागते, आणि मग फरक कशाने पडला ते कळत नाही."

"मग मी निदान छान म्हणायचं थांबवते."

"मग तो अभ्यासातून बाद. एकाला वेगळं ऐकवलं की त्याचं सगळं काम फुकट." त्यांनी चष्मा घातला. "थोडं थांबू. कदाचित पुन्हा होणार नाही."

गुरुवारी त्याने वर्गातल्या एकाचे पुढचे दोन दात पाडले.

शाळेने आईवडिलांना बोलावलं. आईने मला फोन केला. "तुम्ही नुसत्या उभ्या राहा हो ताई. माझ्या बाजूचं कोणीतरी दिसायला पाहिजे खोलीत." मॅडमही निघाल्या, मी तोंड उघडू नये यावर लक्ष ठेवायला. त्याच दिवशी त्याची आमच्याकडची पाळी होती, म्हणून प्राण्यांची पिशवी माझ्या खांद्याला होती. सिंहाचं डोकं बाहेर आलं होतं. शाळेतली मुलं त्याला हात लावून पळत होती.

मोठ्या बाईंच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात आणि त्याच्यावर खेळांत जिंकलेले चषक. टेबलावर बशी होती आणि बशीत पुराव्यादाखल दोन दात. दुधाचेच होते, पण बशीत ठेवल्यावर कोणतेही दात गंभीर दिसतात.

रणगाडा भिंतीला टेकून उभा होता. त्याची बोटं सोललेली होती. मला बघून त्याने डावी मूठ पुढे केली.

"पाहा!" मोठ्या बाई म्हणाल्या. "अजूनही मस्ती आहे!"

मी तोंड उघडलं. मॅडमनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"आम्ही पुष्कळ सहन केलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे मूल धोकादायक आहे. उद्यापासून पाठवू नका."

"मी सोय केलीय, बाई," वडील म्हणाले. "डोंगरापलीकडे संस्था आहे. माझा मामेभाऊ तिथे पहारेकरी आहे. तो म्हणतो, तिथे गेलेलं पोर आवाज करत नाही."

"हा आत्ता तरी कुठे करतो?" आई म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"अहो, सात वर्षांचा आहे तो. त्याला तिकडे काय म्हणतायत ते कळणार नाही, त्याला काय होतंय ते सांगता येणार नाही. मारलं तर कोणी मारलं तेसुद्धा सांगता येणार नाही त्याला."

"म्हणूनच तर बरं," वडील म्हणाले. हे त्यांच्या तोंडून निसटलं असावं, कारण ते लगेच मुलाकडे वळले. "ए. इकडे ये. बाईंच्या पाया पड, माफी माग, आणि परत कोणाला हात लावला तर बाबा सोडणार नाहीत असं सगळ्यांसमोर कबूल कर, नाहीतर इथेच तुला दाखवतो."

रणगाडा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्यापाशी उरलं होतं 'दाखवतो'. आमच्याकडे तो शब्द त्याच्या रोजच्या ओळखीचा. तो वाट बघू लागला, काय दाखवतात याची.

"बघा," वडील म्हणाले. "मुद्दाम."

पहिली थप्पड एवढ्या जोरात बसली की मुलाचं डोकं कपाटाच्या काचेवर आपटून परत आलं. आवाज वेगवेगळे दोन झाले, आधी हाताचा, मग काचेचा. दुसऱ्या थपडेला ओठ फाटला. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो!" पण वाचनालयात कोणी मोबाईलवर बोलावं आणि आपण म्हणावं, तसं. आईने नवऱ्याचा हात धरला. त्याने तो नुसता झटकला आणि ती टेबलाच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. बशी उडाली. दात कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. तिसऱ्या फटक्याला मुलगा कपाटाखाली बसला आणि वरून धावण्याच्या स्पर्धेचा चषक त्याच्या खांद्यावर पडला.

मी काय करत होते? माझा चेहरा भिंत होता. माझं शरीर दाराशी उभं होतं आणि जिभेवर, आईशप्पथ सांगते, एकच शब्द तयार होता. तो कोणता हे वेगळं सांगायला नको.

पण तो मी म्हटला नाही. रणगाड्याने म्हटला.

तो उठला. हनुवटीवरून रक्त गळत होतं. त्याने स्वेटरचं टोक उलटं केलं, आतली एक चांदणी शोधली, नखाने अलगद सोडवली आणि वडिलांसमोर गेला. वडिलांचा हात अजून वर होता. त्याने टाचा उंचावून तो दोन्ही हातांनी खाली ओढला, मुठीच्या पाठीवर चांदणी ठेवली आणि अंगठ्याने दाबली. निघू नये म्हणून.

"छान," तो म्हणाला. "आता पुढचं."

हुबेहूब माझ्या आवाजात. कणभर हलला नाही. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. मॅडमचा हात सवयीने पेन्सिलकडे गेला आणि वाटेतच थांबला.

आणि मग त्याने दुसरा गाल पुढे केला. नाटक म्हणून नाही. पुढचं वाक्य यायचं होतं आणि तो तयार होता.

वडील हातावरच्या चांदणीकडे बघत होते. एवढ्या मोठ्या हातावर ती फारच लहान दिसत होती.

"नाही," मी म्हणाले.

"गप्प," मॅडम पुटपुटल्या.

"नाही." मी रणगाड्यासमोर खाली बसले. छोटं बोलायचं. एकावेळी एक. "छान नाही. मारणं छान नाही. ताई चुकली."

तो चक्रावला. या ताईकडून 'नाही' असं काही निघतं हेच त्याला नवीन होतं. त्याने थोडा विचार केला. मग जे केलं ते आमच्या क्षेत्रातल्या कोणत्याही चांगल्या माणसाने केलं असतं. खात्री करून घेतली. मूठ आवळून माझ्या पोटात घातली.

मी दुमडले. डोळ्यांत पाणी आलं. भुवई हलली, गाल हलले, ओठ वाकडे झाले, आरशासमोर बसून जमवलेली सगळी भिंत एका बुक्कीत खाली आली. वडिलांच्या धंद्यातलंच काम म्हणायचं.

"नाही," मी कशीबशी म्हणाले. "दुखतं."

तो माझा चेहरा बघत होता. जवळ येऊन, एकेक भाग. गालावरच्या पाण्याला त्याने बोट लावलं. मग वळून आईकडे पाहिलं. ती टेबलाला धरून उभी होती, कमरेवर हात दाबून, आणि तिचाही चेहरा तसाच होता. तो या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर गेला आणि परत आला.

"दुखतं," तो म्हणाला. आईकडे बोट दाखवून.

मग तो वडिलांकडे गेला, त्यांचा हात धरला आणि चांदणी काढायला लागला. घट्ट बसली होती. केसांसकट निघत होती.

"आई गं! असू दे की," वडील म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण ती जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं.

"काढू द्या," आई म्हणाली.

चांदणी निघाली. तिला केस चिकटले होते. रणगाड्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि मोठ्या बाईंच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली.

मॅडम माझ्याजवळ आल्या. "हा मुलगा अभ्यासातून बाद झाला," त्या मला म्हणाल्या. मला वाटलं, माझी नोकरीही गेली. मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. "त्यामुळे अहवाल आता देता येतो. संध्याकाळी लेखी देईन, तोंडी आत्ताच ऐका. याला भाषेचा विकार आहे. वर्गात तुम्ही जे बोलता त्यातलं शेवटचं दोन-तीन शब्दांचं याला मिळतं. आणि हाणलं की बक्षीस मिळतं, हे याला आम्ही शिकवलं. आमच्याकडून झालं. ते आम्हीच काढू, रोज इथे येऊन, याच वर्गात. तेवढी मुदत मागतेय."

"तुम्ही शिकवलं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मुद्दाम?"

"शास्त्रीय पद्धतीने," मी म्हणाले. मॅडमनी पुन्हा माझ्या पायावर पाय ठेवला.

मोठ्या बाईंनी तडकलेली काच पाहिली, मुलाचा ओठ पाहिला, आणि मग पहिल्यांदाच वडिलांकडे नीट पाहिलं. "महिनाभर," त्या म्हणाल्या. "आणि सोडायला-न्यायला आईने यायचं. हे गृहस्थ फाटकाच्या आत दिसले तर मी पोलिसांना बोलावीन. आजचं तर मी कळवणारच आहे."

"अहो बाई, माझं पोर आहे—"

"बाळा," आई मधेच म्हणाली. वडिलांना नाही, मुलाला. "चल. घरी."

सगळंच्या सगळं पोचलं त्याला. तो लगेच दाराकडे निघाला.

वडील तिच्या पुढ्यात आले. "घरी कशाला? मी संस्थेत बोलून ठेवलंय, मामेभाऊ थांबलाय, गाडी बाहेर उभी आहे आणि माझा शब्द आहे त्यांना, आणि तू कोण ठरवणार—"

तिने हात पुढे केला. तळवा वर.

"घराची किल्ली दे," ती म्हणाली. लग्नानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली असावी, कारण ते तिच्या मागे कोणी दुसरं उभं आहे का ते बघायला लागले.

कोणी नव्हतं. म्हणजे मी होते, पोट धरून. मॅडम होत्या. मोठ्या बाई फोनवर हात ठेवून होत्या. पिशवीतून सिंह बघत होता.

"किल्ली."

एका शब्दाचं वाक्य. त्यांनाही कळलं. त्यांनी खिशात हात घातला, मुठीची पाठ चोळली, आणि किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली.

माझ्या तोंडात 'छान' आलं होतं. मी ते गिळलं.